बायकांच्या कामाचा इतिहास हा विषय घेऊन संशोधक-प्राध्यापक होता येईल का?

ऐरोलीच्या एका मुलीचा प्रश्न आहे. इतिहासात एम.ए. झालंय, सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) पास आहे, ठाण्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आई ठाणे-बेलापूर रोडवरच्या औषध कंपनीत पॅकिंगला होती. तिच्या बरोबरीच्या बायकाही तशाच, कुणी कळव्याच्या, कुणी घणसोलीच्या. कंपनी गुंडाळली गेली आणि सगळ्या घरी बसल्या. या बायकांच्या कामाचा इतिहास लिहावा असं तिला वाटतं. पण त्यावर आयुष्य उभं राहतं का, पीएच.डी. करावी का, विषय कसा ठरवायचा, घर कसं चालवायचं आणि हे सगळं ठाण्यात राहून होतं की दिल्लीला जावंच लागतं, असे तिचे प्रश्न आहेत.

होतं. मी ठाण्यातच राहून, कॉलेजात शिकवत शिकवत हे केलं आणि निवृत्तीनंतर आता इतरांचे प्रबंध वाचते. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे मुलं आधी पदवीचा विचार करतात, मग गाइड शोधतात, मग गाइड सांगेल तो विषय घेतात आणि साधनं शेवटी गोळा करायला निघतात. तुम्ही हा क्रम उलटा करा. एका कामाची, एका भागातली, एका काळातली साधनं तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नाहीत, अशी स्थिती आधी आणा. नोकरी मिळेल, जाईल, उशिरा येईल. साधनांवरची पकड मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही, आणि या विषयात माणसाचं नाव होतं ते तिच्यामुळेच.

तुम्ही ‘नवी मुंबईतील स्त्रियांचे श्रम’ असं शीर्षक सुचवलंय. ते सोडून द्या. त्यात मिठागरं येतात, भाताची खाचरं येतात, मासळी बाजार येतो, तुर्भ्याच्या बाजारसमितीत कांदा निवडणाऱ्या बाया येतात, घरकामाच्या मावश्या येतात, आयटी पार्कमधल्या मुलीही येतात. सहा वर्षांत प्रत्येकावर एक-एक प्रकरण होईल आणि एकही धड होणार नाही. आईच्याच कामाकडे या. औषध कंपन्यांचा पॅकिंग विभाग, १९६० च्या दशकापासून कंपन्या इथून हलेपर्यंतचा. वरवर बघता विषय लहान वाटेल. तो किती खोल जातो ते सांगते.

या विभागात बायका का घेतल्या गेल्या, इथून सुरुवात करा. ‘बायकांची बोटं नाजूक, हात चपळ’ हे कंपनीचं उत्तर असतं आणि पुष्कळदा त्या बायकांचंही असतं. इतिहासकारानं तिथं थांबायचं नाही. अँप्यूल तपासणीचं काम घ्या. दिव्याखाली मागे काळी आणि पांढरी पाटी, समोर स्टुलावर बाई. काचेची कुपी उलटी करायची, फिरवायची, आतल्या द्रवात कण किंवा तंतू तरंगतो का ते आधी काळ्यावर आणि मग पांढऱ्यावर बघायचं, खराब निघाली तर बाजूला टाकायची. पाळीभर हेच. हे कौशल्य आहे, त्याला शिकणं लागतं, डोळे त्यात जातात. मग वेतनश्रेणीत त्याची जागा कुठं होती? त्याच कंपनीतला मशीनवरचा पुरुष कुठल्या श्रेणीत होता? समान वेतनाचा कायदा १९७६ चा आहे. तो आल्यावर श्रेण्यांची नावं बदलली का, कामांची विभागणी नव्यानं झाली का? एवढ्या एका प्रश्नावर एक प्रकरण उभं राहतं, कारण त्याचं उत्तर युनियनच्या करारांत सापडतं आणि करार छापील असतात.

दुसरा धागा लग्नाचा. मुंबई परिसरातल्या काही औषध कंपन्यांत नियम होता की मुलीनं लग्न केलं की तिची नोकरी संपली. अशाच एका कंपनीच्या पॅकिंग विभागातला वाद कामगार संघटनेनं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द ठरवला. विवाहित बायका जास्त गैरहजर राहतात आणि पॅकिंग हे सगळ्यांनी मिळून करायचं काम असल्यानं त्याचा खोळंबा होतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालयाला ते पटलं नाही. अविवाहित बाई किंवा विधवा यांच्यापेक्षा विवाहित बाई जास्त गैरहजर राहील, असं मानायला काही आधार नाही, असं निकालात म्हटलंय. हा निकाल जरूर वाचा आणि मग आईच्या वयाच्या बायकांना विचारा. निकालानंतर प्रत्यक्षात काय झालं? मंगळसूत्र लपवून कामाला येणाऱ्या कुणी होत्या का? लग्न पुढं ढकललं का? पहिला पगार वडिलांच्या हाती आणि नंतर सासूच्या हाती, असं झालं का? न्यायालयाच्या कागदात नियम सापडतो. तो नियम घेऊन एक पिढी कशी जगली, हे तुम्हालाच शोधावं लागेल.

तिसरा धागा पाळ्यांचा. १९४८ च्या कारखाना कायद्यानं बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ काम द्यायला मनाई होती. राज्य सरकार त्यात सूट देऊ शकत होतं, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळेला ती सूटही लागू नव्हती. म्हणून बायकांची दुसरी पाळी १० ला सुटायची. कारखान्यात महागडी स्वयंचलित मशीन आली की मालकाला ती तिन्ही पाळ्यांत पळवायची असत आणि तिसऱ्या पाळीला बाई चालत नसे. बायका कमी होत गेल्या त्यामागचं एक कारण इथं आहे. संरक्षणासाठी केलेल्या कायद्याचा काच कुणाला बसला, हा प्रश्न आपल्या विषयात पुन्हा पुन्हा येतो. त्याच कायद्यात पाळणाघराची अट होती, आधी ५० आणि १९७६ नंतर ३० हून अधिक बायका असतील तर. एखाद्या कारखान्यात बायकांची संख्या या आकड्याच्या जरा खालीच का थांबली, ते हजेरीपट मिळाले तर तपासून बघा.

चौथा धागा शेवटाचा. २००३ मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला करसवलती मिळाल्या आणि औषधनिर्मितीचा मोठा भाग तिकडे सरकला. त्याआधीपासूनच काम बाहेरच्या छोट्या युनिटना देणं, कंत्राटी मुली घेणं, व्हीआरएस, म्हणजे पैसे देऊन स्वेच्छानिवृत्ती, देणं हे चालू होतं. ज्या ‘कायम’ होत्या त्यांना पैसे घेऊन घरी पाठवलं गेलं. त्या पैशांचं काय झालं? कुणाचं घर झालं, कुणाच्या मुलाचं इंजिनिअरिंग झालं, कुणाच्या नवऱ्याचं कर्ज फिटलं. वाशी-ऐरोली-कोपरखैरण्यातले कितीतरी सिडकोचे फ्लॅट बाईच्या पीएफवर उभे आहेत. नवी मुंबईच्या इतिहासात हे लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

आता या वाटेनं आधी कोण गेलंय ते पाहा. म्हणजे आपण कुठल्या परंपरेत उभे आहोत ते कळतं. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या दशकात साधारण पाचातली एक कामगार बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, नायकिणीच्या म्हणजे बाई-मुकादमाच्या हाताखाली. त्यांच्यावर पहिलं नेटकं काम राधा कुमार यांनी १९८० च्या दशकात केलं. बंगालच्या ताग गिरण्यांतल्या बायकांवर समिता सेन यांचं काम १९९९ मध्ये पुस्तकरूपानं आलं. दोघींचंही वाचन करताना निष्कर्षांपेक्षा तळटीपांकडे जास्त लक्ष द्या. कुठला कागद, कुठल्या खात्याचा, तो कुणी कुणाला लिहिला होता हे बघा. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ पासून दरमहा लेबर गॅझेट काढत होतं. त्यात मजुरी, संप, घरखर्च आणि बायकांविषयीच्या पाहण्या येत. १९२२ मध्ये त्यात डॉ. बार्न्स या सरकारनियुक्त डॉक्टरबाईंनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिलं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले आणि १९२९ मध्ये देशातला या प्रकारचा पहिला कायदा मुंबईत झाला. डॉक्टरबाईंची पाहणी, सभागृहातलं भाषण, कायदा, आणि मग गिरणीमालकांनी बायका घेताना हात आखडला का हा प्रश्न, ही साखळी ज्याला कागदांतून जोडता येते तो या विषयाचा इतिहासकार. औषध कंपन्यांची अशी साखळी अजून कुणी नीट जोडलेली नाही.

बायकांच्या बाजूचे कागद कमी आहेत, पण नाहीत असं नाही. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांची आत्मचरित्रं मराठीत आहेत. दोघी गिरणी कामगारांच्या लढ्यातल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, मुलाखती घेऊन त्यांचा इतिहास १९८९ मध्ये मराठीत आणला. विद्यापीठातल्या कुठल्याही पदाची वाट न पाहता केलेलं ते काम आज विद्यापीठांत शिकवलं जातं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींवर असंच मोठं काम उभं केलं. आडारकर तर व्यवसायानं वास्तुविशारद. या क्षेत्रात शिरायला एकच दरवाजा नाही, तो असा.

संस्थांचं म्हणाल तर १९७४ मध्ये नीरा देसाईंनी एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा सरकारी समितीचा अहवाल आला आणि सगळ्यांची झोप उडाली. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद एसएनडीटीतच भरली आणि त्यातून पुढच्या वर्षी अखिल भारतीय संघटना निघाली. श्रमाचा इतिहास लिहिणाऱ्यांची संघटना १९९६ ची. या दोन्हींच्या अधिवेशनांना जा. पहिल्या वेळी नुसतं ऐका. पुढच्या वेळी निबंध घेऊन जा.

जनगणनेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथं नवशिके हमखास फसतात. १९६१ च्या जनगणनेनुसार देशात कामकरी बायका सुमारे ६ कोटी होत्या आणि १९७१ मध्ये सुमारे ३ कोटी. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडलं असं कुणी लिहिलं तर तो प्रबंध तिथंच कोसळला. बदलला होता तो मोजणीचा नियम. १९६१ ला हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून जास्त नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी धरली गेली. १९७१ ला ‘तुमचा मुख्य उद्योग कोणता’ असं विचारलं गेलं आणि शेतात राबून घर सांभाळणारी बाई गृहिणींच्या रकान्यात गेली. १९८१ ला मुख्य आणि सीमांतिक (वर्षाचा थोडाच काळ काम करणारे) असे दोन वर्ग करून ती थोडीफार परत आली. ठाणे जिल्ह्याचे जनगणनेचे आकडे वापरताना प्रत्येक तक्त्याच्या आधीची व्याख्या वाचल्याशिवाय एकही आकडा उचलू नका. आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, म्हणून त्याआधीचा ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे तलासरी-डहाणूपर्यंतचा, हेही लक्षात असू द्या.

मुलाखत घेतानाही हीच सावधगिरी लागते. ‘कंपनी बंद झाल्यावर तुम्ही काय काम केलंत?’ असं विचारलंत तर दहातल्या आठ जणी ‘काही नाही, घरीच होते’ म्हणतील. मी हे वर्षानुवर्षं ऐकलंय. म्हणून काय काम केलं ते विचारूच नका, दिवस विचारा. पहाटे पाणी किती वाजता यायचं, मग काय, मग काय. कळव्याच्या एका बाईंनी मला आधी ‘घरीच’ म्हणून सांगितलं होतं. दिवस विचारायला लागले तेव्हा दुपारी साड्यांना फॉल-बिडिंग निघालं, शेजारच्या दोन मुलांना शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत सांभाळणं निघालं आणि दिवाळीच्या आधी चकल्यांच्या ऑर्डरी निघाल्या. फॉल-बिडिंगचा हिशेब त्यांनी कॅलेंडरच्या पानांवर ठेवला होता, प्रत्येक तारखेच्या चौकटीत दुकानाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि नगांचा आकडा. जुनी कॅलेंडरं पलंगाच्या पेटीत होती. हा अस्सल दस्तऐवज आहे. परवानगी मागा, फोटो काढा, मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्या.

पॅकिंगच्या बायकांकडेही अशीच साधनं सापडतील. नेमणूकपत्र, पगारचिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड, व्हीआरएसचं पत्र, युनियनची पावती, हळदीकुंकवाच्या वेळी कॅन्टीनमध्ये काढलेला ग्रुप फोटो. त्या फोटोवर एक अख्खी मुलाखत होते. कोण कुठल्या टेबलावर, कोण कुणाची शेजारीण, कुणी कुणाला कामाला लावलं हे बोटानं दाखवत सांगतात आणि भरती कुठल्या ओळखीतून, कुठल्या जातीतून, कुठल्या गावातून झाली ते आपोआप उलगडतं. जात आणि गाव थेट विचारलं तर लोक आखडतात.

संमती लेखी घ्या, पण आधी तोंडी नीट समजावून सांगा. ध्वनिमुद्रण कुठं राहील, नाव छापायचं की बदलायचं, एखादा भाग नंतर काढून टाकता येईल का, हे सगळं. आगरी बोलीत बोलणाऱ्या बाईंचं बोलणं उतरवताना प्रमाण मराठी करू नका. आईची मुलाखत सर्वांत शेवटी घ्या आणि शक्य झालं तर मैत्रिणीला घ्यायला सांगा. लेकीला आई सगळं सांगत नाही, आणि लेकही काही प्रश्न विचारत नाही.

कागदांसाठी कुठं जायचं? राज्य पुराभिलेखागार मुंबईत, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. गाइडचं पत्र लागतं. औद्योगिक न्यायालयांचे निवाडे राज्य शासनाच्या राजपत्राच्या कामगारविषयक भागात छापले जात, तो खजिना आहे आणि फार थोडे तो उघडतात. नोएडाच्या राष्ट्रीय श्रम संस्थेत कामगार इतिहासाचं अभिलेखागार आहे. दहिसरला स्पॅरो ही संस्था १९८८ पासून बायकांची ध्वनी-चित्र साधनं जमवते आहे. तुमच्या घराजवळ, ठाण्यात, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. जुनी नियतकालिकं आणि स्थानिक अंक तिथं बघा. कंपन्या मात्र क्वचितच दाद देतात. एका कंपनीनं मला सांगितलं होतं की जुने हजेरीपट रद्दीत गेले. नंतर त्यातले काही एका निवृत्त टाइमकीपरच्या माळ्यावर सापडले. तेव्हा युनियनचे जुने पदाधिकारी, टाइमकीपर, कॅन्टीनवाले, कंपनीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, यांची घरं शोधा.

मिठागरांबद्दलही तुम्ही विचारलंय. तो पुढच्या पुस्तकाचा विषय ठेवा, पण साधनं आतापासून टिपत जा. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आगरी आणि मिठाची माहिती सविस्तर आहे. अशा नोंदींत बायका बहुतेकदा नवऱ्याला हातभार लावणाऱ्या म्हणून अर्ध्या वाक्यात येतात. १८९० चा मुंबईचा मीठ कायदा आणि मीठ खात्याची दप्तरं हे पुढचं साधन. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाला आणि त्या नावांत बाया अगदी थोड्या होत्या. मिठाच्या पाट्या वाहणारी, खाचरात लावणी करणारी, खाडीत शिंपले वेचणारी बाई कुठल्याच नुकसानीच्या तक्त्यात आली नाही. १९८४ च्या जानेवारीत उरण भागात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, त्या आंदोलनात बायका किती पुढं होत्या हे गावात कुणीही सांगेल. ज्यांनी ते पाहिलं त्या आता म्हाताऱ्या झाल्यात, म्हणून मुलाखती तरी लवकर घेऊन ठेवा. जिल्ह्याच्या उत्तर भागात वारल्यांच्या १९४५ च्या लढ्याबद्दल गोदावरी परुळेकरांनी लिहून ठेवलंय, त्यात वेठीला जुंपलेल्या बायका आहेत. तेही वाचाच.

आता पोटापाण्याचं. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट (तशीच राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा) किंवा सेट पुरते, पीएच.डी. सक्तीची नाही. पण मुलाखतीत पीएच.डी.वाला समोर असला की तोच पुढं जातो. शिवाय तुम्हाला इतिहासकार व्हायचंय, म्हणून पीएच.डी. करा. सेट झाली तरी नेट पुन्हा द्या, जेआरएफ या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी. ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग ४२,००० रुपये, वर घरभाड्याचा भत्ता. वयाची अट ३० असली तरी बायकांना ५ वर्षांची सूट आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात. जेआरएफ नाही मिळाली तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी तुमच्या प्रवर्गाला लागू होईल ती अधिछात्रवृत्ती, शिवाय भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आणि समाजविज्ञान परिषद यांच्या. एकुलती एक मुलगी असाल तर सावित्रीबाई फुले यांच्या नावाची यूजीसीची वेगळी आहे. सगळीकडे अर्ज करा. एकाच्या भरवशावर राहू नका.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. बायकांना आणखी २ वर्षं मिळू शकतात, शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. हा हक्क आहे, गाइडची मेहेरबानी नाही. घरचे लग्नाचं बघताहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

गाइड निवडताना नाव किती मोठं ते बघू नका. लिहिलेलं प्रकरण ते किती दिवसांत वाचून परत देतात, हे त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना विचारा. या विषयातला माणूस नसला तरी चालेल. आळशी नको.

तासिका तत्त्वाबद्दल स्पष्ट बोलते. तासाला पैसे, सुट्टीत काही नाही, मानधन महिनोन्महिने लांबतं. अनुदानित जागांची भरती रखडत चालते. चार-पाच वर्षं दोन-तीन कॉलेजांत धावपळ करणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं संशोधन या धावपळीत मरतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांतल्या कितीतरी जणांकडे उत्तम विषय होते. म्हणून एकाच कॉलेजात, ठरावीक दिवशी तास घ्या आणि आठवड्याचे दोन दिवस साधनांसाठी राखा. ते दिवस पेपर तपासणीलाही देऊ नका. कायम जागेसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठून या. कर्ज काढून घेतलेली जागा माणसाला वर्षानुवर्षं वाकवून ठेवते.

प्राध्यापकीशिवायही वाटा आहेत. संस्थांचे संग्रह लावणं, संग्रहालयं, कामगार आणि घरकामगार संघटनांसाठी संशोधन, मराठी प्रकाशन, शालेय पाठ्यपुस्तकं. इंग्लंडमध्ये बायकांच्या कामाच्या इतिहासाचा पाया घालणाऱ्या अॅलिस क्लार्क मुळात त्यांच्या कुटुंबाच्या बुटांच्या कारखान्यात काम बघत होत्या. लंडनमध्ये अधिछात्रवृत्तीवर अभ्यास करून १९१९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्या पुन्हा कारखान्यात परतल्या. शंभर वर्षांनंतरही ते पुस्तक वाचलं जातं.

लिहायचं मराठीत की इंग्रजीत? दोन्ही, आणि पहिल्या वर्षापासून. इंग्रजीत लिहिलं नाही तर इतर देशांतल्या, इतर राज्यांतल्या अभ्यासकांशी बोलणं होणार नाही. इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीचा स्त्री-अभ्यासाचा विशेष विभाग १९८५ पासून येतो, तिथवर पोचायचं लक्ष्य ठेवा. मराठीत लिहिलं नाही तर ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना तुम्ही काय केलंत ते कधीच कळणार नाही. समाज प्रबोधन पत्रिकेसारख्या ठिकाणी लेख द्या आणि छापून आला की प्रत्येक बाईच्या घरी प्रत नेऊन द्या. पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणारी जर्नल्स मात्र टाळा. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०२५ मध्ये बंद झाल्यापासून चांगलं-वाईट पारखायची जबाबदारी आपल्यावरच आली आहे. बढतीचे गुण, चर्चासत्रांची प्रमाणपत्रं यांची चिंता आता करू नका, त्याला पुढं वेळ आहे.

दिल्लीला जावं लागेल, पण काही आठवड्यांपुरतं. नेहरू स्मारक ग्रंथालयात, आता त्याचं नाव पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय झालंय, कामगार नेते ना. म. जोशी आणि आयटक या कामगार महासंघाची कागदपत्रं आहेत. ती बघून परत या. तुमची बाकी सगळी साधनं ठाणे ते बेलापूर या पट्ट्यात आहेत. जेएनयूतला विद्यार्थी ज्या बाईचा पत्ता शोधायला महिना घालवेल, तिला तुम्ही लहानपणापासून मावशी म्हणत आलात.

पेटची, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेची, जाहिरात निघायच्या आत तीन गोष्टी करून ठेवा. १९६५ चा तो निकाल मिळवून सगळा वाचा. आईच्या विभागातल्या बायकांची यादी करा. नाव, गाव, कामाला लागल्याचं साल, सोडल्याचं साल, आता कुठं राहतात. आणि त्यांतल्या वयानं सर्वांत मोठ्या बाईंची मुलाखत याच महिन्यात घ्या. या तिन्हींवर आधारलेला पाच पानांचा आराखडा घेऊन गाइडकडे गेलात तर विषय कोणता द्यायचा हे त्यांना ठरवावंच लागणार नाही.